सात नंबरची ओ

अध्यक्ष डर्मटने हजेरीची यादी उघडली तसे अण्णांनी ब्लेझरवरची पदकं सारखी केली आणि सावधान उभे राहिले. रविंद्रने तळ्याकडे नजर वळवली. फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेल्या आपल्या वडिलांना त्याने कालचा निरोप अजून सांगितलाच नव्हता.

तळ्याकाठच्या या एकोणीस लाकडी केबिनी पहिल्या महायुद्धातून परतलेल्या आयरिश सैनिकांनी बांधल्या. इंग्रजांचा गणवेश घालून लढले म्हणून गावाने त्यांना वाळीत टाकलं होतं. उन्हाळ्यापुरतं तरी कुणाच्या नजरेला पडायला नको, म्हणून ते इथे येत. दर जूनमध्ये त्यांच्या नावांची हजेरी होते आणि आज ज्याच्याकडे केबिन, तो ती बांधणाऱ्या सैनिकाच्या वतीने ओ देतो. ओ आली नाही, तर ते नाव पुढच्या वर्षीपासून वाचत नाहीत. इथेच आयर्लंडमध्ये, सँट्रीत नोकरी करणारा रविंद्र सात नंबरची केबिन घेतल्यापासून, सहा वर्षं, कुणा टॉमस कार्नीसाठी इमानेइतबारे ओ देत आला होता.

अण्णांचे आजोबा बाळकू साळुंखे त्याच युद्धात मेसोपोटेमियात मेले. यंदा त्यांचंही नाव वाचू, असं अध्यक्ष म्हणून डर्मटनेच हिवाळ्यात कबूल केलं होतं. त्या भरवशावर रविंद्रने अण्णांना साताऱ्याहून बोलावून घेतलं. काल केबिनवाल्यांच्या समितीचा निरोप आला, की फक्त संस्थापकांचीच नावं. वाळीत पडलेल्यांच्या पणतवंडांना हे बरं जमलं, या विचाराने त्याला रात्रभर संताप आवरला नव्हता.

"टॉमस कार्नी."

रविंद्र गप्प राहिला. जाऊ दे यांचंही एक नाव.

"टॉमस कार्नी," डर्मट पुन्हा म्हणाला. "रवी, यू ऑलराइट देअर?"

सगळ्या माना वळल्या.

"हजर!" अण्णांचा आवाज पाण्यावरून पलीकडे गेला.

डर्मटने यादीवर खूण केली आणि पुढचं नाव घेतलं.

"अण्णा, तो आपला कोण लागतो?" रविंद्र पुटपुटला.

"शिपायाचं नाव हाय. हाक मारली तर कुनीतरी ओ द्याया पायजे."

यादी संपली. डर्मटने कागद घडी करून खिशात टाकला आणि लोक चहा-सँडविचकडे वळले. कुणीतरी जाता जाता अण्णांची पाठ थोपटली. अण्णा हलले नाहीत. टाचा जुळलेल्या, नजर समोर.

"रवी," ते हळूच म्हणाले, "आता आपल्या आज्याचं घेत्याल. ओ तू दे."