सालासकट

“बदाम काहून नाही भिजवले?” सूर्यभान आचारी पिशवीत हात घालून ओरडला.

“तुमी सांगतलंच नाही, भाऊ,” केशरबाई म्हणाली.

अकोल्याच्या जुन्या शहरातलं कार्यालय. भगवंतरावांच्या नातीचा साखरपुडा. अमरावतीची पाहुणेमंडळी वाटेतलं मूर्तिजापूर ओलांडून पुढे आलेली, आणि पंगतीत वाढायचा होता पांढराशुभ्र बदामाचा हलवा. पाच किलो बदाम मात्र ठणठणीत कोरडे.

केशरबाई बावीस वर्षं सूर्यभानच्या हाताखाली होती. लसूण सोल, कांदे चीर, बदाम सोल. कढईला तिचा हात लागायचा तो फक्त घासताना.

“गरम पाण्यात टाका अन् सोला लवकर!”

“पाच किलो? माहे हात दोनच हायेत.” ती जराशी थांबली. “सालासकटच करू ना.”

“काळाठिक्कर पडन हलवा!”

“साखर नका घालू, गूळ घाला. मंग रंग शोभून दिसते.”

“तुमी कधी केला?”

“घरी. दिवाळीले तुमी मूठभर बदाम देता. सोलले तं माह्या पोरीच्या, रागिणीच्या वाटीत उरन काय?”

सूर्यभाननं घड्याळाकडे पाहिलं आणि कढईपासून बाजूला झाला.

केशरबाईनं पदर खोचला. मंद आचेवर तुपात बदाम परतले. सालं तडतडली, तांबूस झाली, खमंग वास थेट मांडवापर्यंत गेला. मग जाडसर भरड, पुन्हा तूप, गुळाचं उकळतं पाणी, वेलदोडा. हात भरून आला तरी झारा तिनं कुणाला दिला नाही. गळ्यातून गाणं कधी निघालं, तिचं तिलाच कळलं नाही.

पंगतीत पहिल्यांदा भुवया उंचावल्या, मग वाट्या पुढे आल्या. भगवंतराव तर उठून स्वयंपाकघरातच आले.

“सूर्यभान, आज काय जादू केली तुह्या हातानं?”

सूर्यभाननं केशरबाईकडे बोट दाखवलं. “हात माहा नाही, काका. या बाईचा हाय.”

“बाई,” भगवंतराव म्हणाले, “लग्नातही हाच हलवा पायजे. तुमच्याच हातचा.”

केशरबाई हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

शेवटची पंगत उठल्यावर सूर्यभाननं स्वतः तिचं ताट वाढलं. तिनं पाट ओढला, ऐसपैस बसली आणि आधी हलव्याचा घास घेतला. सूर्यभान समोर उभाच होता.

“कसा झाला?”

तिनं डोळे मिटून घास घोळवला.

“वेलदोडा जास्त पडला,” ती म्हणाली. “लग्नात कमी घालू.”

आणि आणखी हलव्यासाठी वाटी त्याच्यापुढे केली.