काजळी पुसली त्या शनिवारी

मित्रांनो, माझ्या लाकडी पंखांना आता भुंगा लागला आहे, पण कणा अजून ताठ आहे. मी डच किनाऱ्यावरचे एक जुने विमान. लढायला नाही की मिरवायला नाही. ढगात शिरून वर थंडी किती, ओल किती, हे पाहून यायला मला मुद्दाम घडवले. आभाळाच्या घरात डोकावायची खोड मला जन्माचीच!

माझ्या पंखांमधल्या दांडीला एक यंत्र टांगलेले असे. त्यात काजळी धरलेला डबा फिरे आणि बारीक सुई त्या काजळीवर वरच्या हवेची रेघ ओढी. रेघ वाईट निघाली की बंदरावरच्या खांबावर वादळाच्या इशाऱ्याचा काळा शंकू चढे. शंकू नसला की भरतीबरोबर हेरिंग मासळी धरणाऱ्या होड्या सुटत.

शनिवार म्हणजे तिथल्या बायकांचा घासण्याचा दिवस. उंबरठाच काय, समोरचा रस्तासुद्धा घासतील! अशाच एका शनिवारी वैमानिक वीबे मला उतरवून कॉफी प्यायला गेला, आणि झाडलोट करणाऱ्या नेल्त्येमावशीने तो काळा डबा ओल्या फडक्याने लख्ख केला.

वीबे आला तो ओरडलाच, "मावशी, हे काय केलंस?"

"काय म्हणजे? चुलीवरच्या बुडकुल्यासारखं काळं होतं. तुझ्या आईनं काही वळण लावलं नाही वाटतं!"

"अगं, त्या काळ्यातच आजचं आभाळ लिहिलेलं होतं! आता होड्या थांबवायच्या कशाच्या जोरावर?"

मावशीने फडके खाली टाकले. तिचा नवरा दिर्क त्याच होड्यांवर होता. "मग बघतोस काय? जा की परत!"

तिनेच मेणबत्ती धरली, वीबेने डबा पुन्हा काळा केला, आणि आम्ही उडालो. ढग आता दाटले होते. पंखांवर बर्फ चढला, तारा कण्हू लागल्या. एखादे नखरेल विमान केव्हाच पडले असते. मला मात्र भीतीपेक्षा उत्सुकताच जास्त: आणखी वर काय असेल? वर गारठा वाढायचा सोडून चक्क ऊब लागली! वादळाचीच ती चाहूल.

उतरताच शंकू चढला. धक्का सोडून निघालेली दिर्कची होडी तो पाहून मागे फिरली. संध्याकाळी समुद्र नुसता उसळत होता.

पुढे यंत्रे घेऊन फुगे वर जाऊ लागले आणि मला कोपरा मिळाला. पण मी उडत होते तोवर मावशी दर शनिवारी मला घासायची. डब्याजवळ आली की मात्र हात मागे घेऊन हाक मारायची, "वीबे, आज काय लिहिलंय रे यात?"

मित्रांनो, आम्हा म्हाताऱ्यांची धूळ जरूर पुसा. फक्त फडके लावण्याआधी मावशीसारखे एकदा विचारा.