काळ्या फिल्मखालचा दिवा

अमृतनं जुनी गाडी विकत घेतली आणि दुसऱ्याच दिवशी उमरग्याला जाऊन तिच्या पुढच्या-मागच्या दिव्यांवर काळी फिल्म चढवून आणली. त्याची थोरली बहीण वृषाली गावाच्या उपकेंद्रात नर्स होती. तिनं मागच्या दिव्यावर बोट टेकवून विचारलं, "हे कायद्यात बसतं का रे?"

"सगळी पोरं लावतात, ताई. लूक येतो."

"लूक न्हाय विचारला म्या."

तो हसला आणि विषय तिथंच राहिला.

पंधरा दिवसांनी मुरुमला चुलत बहिणीचा साखरपुडा होता. वृषाली ड्युटी संपवून स्कूटीवर थेट तिकडंच गेली. परतताना अमृतच्या गाडीत वडील अप्पा पुढं, आई भिमाबाई मागच्या सीटवर, आणि त्यांच्या मागं स्कूटीवर वृषाली. दिवस नुकताच मावळला होता. वळणावर शेळ्यांचा कळप आडवा आला आणि अमृतनं कचकन ब्रेक दाबला. वृषालीला समोर फक्त गाडीची काळी पाठ दिसत होती. ती थांबलीय हे कळायच्या आत स्कूटी तिच्यावर आदळली. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. उजव्या खांद्याचं हाड मोडलं.

सकाळी दवाखान्यात हवालदार जबाब घ्यायला आले. खाटेशेजारी अप्पा, आई आणि अमृत उभे होते. हवालदारांनी कागद उघडला.

"सिस्टर, तुमच्या भावानं काल सांगितलंय. तुम्ही गाडी चालवताना मोबाइल बघत होता म्हणून."

वृषालीनं अमृतकडं पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता. खांद्यातली कळ तिच्या डोक्यात चढली. दिव्याचा राग तिनं रात्रभर गिळला होता, हे गिळण्यासारखं नव्हतं.

"मोबाइल माझ्या पर्समधी होता, पर्स डिक्कीत होती. ह्याच्या गाडीचा ब्रेकचा दिवा मला दिसला न्हाय. त्यानं तो काळा करून ठेवलाय. हे लिहा."

"वृषाली," अप्पा हळूच म्हणाले, "घरातली गोष्ट हाय. मागून धडकला त्याचीच चूक धरतात. कशाला भावाला अडकवतीस?"

"अप्पा, तुम्ही मला खोटं ठरवून त्याला सोडवायला निघालात. ही घरातली गोष्ट हाय व्हय?"

अमृत पुटपुटला, "दिवा लागतो की. फिल्ममधून दिसतो."

"मग दाखव," वृषाली उठून बसली. "हवालदारांना दाखव. आत्ता."

दवाखान्यातल्या नर्सनं अडवलं तरी ती गळ्यात अडकवलेला हात सावरत आवारात गेली. गाडी कडुनिंबाखाली उभी होती. उजवा दिवा फुटला होता, डावा शाबूत होता. शेजारी रुग्णवाहिका होती. वृषालीनं तिच्या ड्रायव्हरला ब्रेक दाबायला सांगितलं, अमृतलाही. हवालदारांना तिनं तीस पावलं मागं उभं केलं.

रुग्णवाहिकेचे दिवे लालभडक पेटले. अमृतच्या गाडीच्या दिव्यात राखेखालच्या निखाऱ्याएवढी लाली होती. हवालदार चार पावलं पुढं आले, डोळे बारीक केले.

"दाबलाय का?"

"दाबलाय," अमृत आतून म्हणाला.

"कंपनीच्या दिव्याचा उजेड असा झाकता येत न्हाय," हवालदार म्हणाले. "दंड करावा लागंल."

"रोज अशा गाड्या नाक्यावरून जातात, तवा तुम्हाला दिसत न्हाय का?" वृषालीनं विचारलं. "का कुणाचं तरी हाड मोडल्यावरच दिसतं?"

हवालदारांनी पेनाचं टोपण काढलं आणि लिहायला लागले.

"मोबाइलचं काय लिहू?"

भिमाबाई मागोमाग आवारात आल्या होत्या. त्या पुढं झाल्या. "म्या मागच्या सीटवर होते, साहेब. पोरगी नीट येतीया का म्हणून मागं वळून बघत होते. तिचे दोन्ही हात हँडलवर होते. नजर सरळ माझ्याकडं. गाडी थांबली तरी तिला कळंना. म्या वरडले, पर काचेतून तिला काय ऐकू जाणार?" त्यांनी अमृतकडं पाहिलं. "लेकाचं खोटं ऐकून रातभर गप बसले, ही माझी चूक."

दुपारी अमृत ब्लेड घेऊन फिल्म खरवडत बसला. वृषाली दवाखान्याच्या पायरीवर बसून बघत होती. महिना-दीड महिना तिला लस टोचता येणार नव्हती, लेकरांना कडेवर घेता येणार नव्हतं, स्वतःची वेणीसुद्धा घालता येणार नव्हती.

"झालं आता समाधान?" मान वर न करता अमृतनं विचारलं.

"न्हाय. फिल्म दंडाच्या भीतीनं काढतोयस. ठाण्यात जा, आणि मोबाइलची गोष्ट तू रचलीस हे स्वतःच्या तोंडानं सांग."

"लोक काय म्हणतील, ताई?"

"तू माझं नाव घेतलंस तवा लोक आठवले न्हाईत?"

बराच वेळ तो नखानं डिंक काढत राहिला. मग उठला. वृषाली त्याच्याबरोबर रिक्षातून गेली, पण आत गेली नाही. दारातून त्याचा आवाज येत होता, अडखळत, लाजेनं बारीक झालेला. त्यानं सगळं सांगितलं.

बाहेर आल्यावर त्यानं तिला रिक्षात चढवायला हात पुढं केला. तिनं तो धरला नाही. डाव्या हातानं दांडा पकडून ती आपली आपण चढली आणि रिक्षावाल्याला म्हणाली, "चला."