निर्मनुष्य घरातले घड्याळ

‘सदर घर निर्मनुष्य आढळले. तीन वेगवेगळ्या तारखांना दार ठोठावूनही प्रतिसाद मिळाला नाही. सबब मालमत्तेच्या संरक्षणार्थ आत प्रवेश करून कुलूप बदलण्यात आले.’

गृहकर्ज देणाऱ्या संस्थेच्या अहवालातली ही तीन वाक्ये. एवढ्याशा जागेत एवढा खोटेपणा बसवलेला पाहून घड्याळवालीला, कारागीर म्हणून, क्षणभर कौतुकच वाटले. त्या घरात ती बावीस वर्षे राहत होती आणि पुढच्या खोलीत लोकांची घड्याळे दुरुस्त करत होती. एक हप्ता आठवडाभर लांबला, एवढ्यावरून संस्थेने पाहणीदार धाडला. सतरा तारखेला ती एक घड्याळ पोचवायला तासभर बाहेर पडली. परतली, तर स्वतःच्याच दारात तिची किल्ली फिरेना.

“ताई, कुलूपच बदललंय, घर उचलून नाही नेलं,” धाकटा भाऊ म्हणाला. “नवी किल्ली घे आणि विषय संपव.”

“माझं कपाट उघडून फोटो काढलेत त्याने. औषधांची नावं वाचता येतात त्यात. तुझ्या कपाटाचे काढले असते तर?”

“माझं कपाट उघडलं असतं तर तो आतल्या पसाऱ्याखाली गाडला गेला असता.”

ती हसली, तक्रार मात्र मागे घेतली नाही. ‘निर्मनुष्य’ ही नोंद कायम राहिली, तर संरक्षणाच्या नावाखाली संस्थेला केव्हाही पुन्हा आत शिरता येणार होते. तिला ती नोंद खोडून हवी होती.

सुनावणीत तिने अहवालाला जोडलेल्या फोटोंपैकी तीन तक्रार अधिकाऱ्यापुढे मांडले आणि पाहणीदाराकडे वळली.

“हे तीन, दहा आणि सतरा तारखेचे ना?”

“खाली लिहिलंय की, बाई.”

“लिहिलंय खरं. तिन्ही खिडकीतून काढलेत. आता समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बघा. पहिल्या फोटोत अकरा वाजून दहा, दुसऱ्यात चौदा, तिसऱ्यात एकोणीस.”

“रिकाम्या घरात बंद पडलं असेल,” अधिकारी म्हणाला.

“बंद घड्याळ नऊ मिनिटं पुढे सरकत नाही, साहेब. शिवाय त्याला रोज किल्ली द्यावी लागते. निर्मनुष्य घरात ती कोण देत होतं, तेवढं अहवालात राहून गेलंय. आणि हा छोटा काटा तारखेचा. तिन्ही फोटोंत सतरावर आहे.”

अधिकाऱ्याने चष्मा वर सरकवून फोटो डोळ्यांजवळ नेले.

“घड्याळवाल्यांचं काय,” पाहणीदार उसळला, “काटे हवे तिकडे फिरवतील!”

“घड्याळ माझं, पण फोटो तुमचे. तिन्ही तारखांची पाहणी नऊ मिनिटांत उरकलीत. एवढं जलद चालणारं घड्याळ माझ्याकडे कुणी आणलं, तर मी दुरुस्तीला घेते.”

कारकून खाली मान घालून हसला. अधिकारी हसला नाही.

“दार वाजवलं होतं का?” त्याने विचारले.

पाहणीदाराने फोटो बाजूला सरकवले. मग त्याने उत्तर दिले आणि लगेच म्हणाला, “हे जरा नीट भाषेत लिहून घ्या.”

“नको,” घड्याळवाली म्हणाली. “ते बोलले तस्सं लिहा. एक शब्द इकडचा तिकडे नको.”

अधिकाऱ्याने मान डोलावली. कारकुनाने लिहून वाचून दाखवले:

“नाही वाजवलं, साहेब. वाजवलं असतं आणि कोणी उघडलं असतं, तर घर रिकामं आहे असं लिहिता आलं नसतं.”