जर्मलच्या डब्यावरचं नाव

"सर, लोणचं डबा खातं का हो?"

मी उभी राहून एका दमात विचारून टाकलं आणि अख्खा नववीचा वर्ग फिसकन हसला. मधल्या सुट्टीत मी दादाबरोबर लोणचं भरून जाणाऱ्या माझ्या डब्याची फुशारकी मारली, तेव्हा शालू म्हणाली होती की तिची आत्या सांगते, लोणचं डबा खातं. मी उडवून लावलं. तर ती आणि रंगू लागल्या चिडवायला, "लय वक्ता झालीयास न्हवं? मग सरांस्नी इचारून दाखव!"

वक्तृत्वात पहिली आल्यापासून मी कुणालाच भीत नाही. बक्षीस मिळालेला डबाही तसाच तोऱ्यातला. जर्मलचा, चकचकीत, वर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं: कु. बनुबाई कृष्णात बर्गे, कोरेगाव.

गुरव सर हसले नाहीत. "कसला डबा?"

"जर्मलचा, सर."

"म्हणजे ॲल्युमिनियमचा." त्यांनी पिशवीतून स्वतःचा जेवणाचा डबा काढला आणि झाकण उजेडाला धरलं. आतून टाचणीनं टोचल्यासारखे काळे खड्डे. "यात मी रोज लिंबाची फोड ठेवायचो. मीठ आणि आंबट मिळून ॲल्युमिनियम कुरतडतात, आणि ते अन्नात उतरतं. कोरडं खुशाल ठेवा, लाडू, चिवडा, डाळ. पण लोणचं महिनोन्महिने टिकवायचं तर चिनी मातीची बरणी, नाहीतर चांगलं स्टील."

"बने, दादाला डबा खायला घातलास की गं!" रंगू कुजबुजली.

सरांना विचारून दाखवायची पैज मी जिंकले होते. पण बसले ती मान खाली घालूनच.

मानसिंगदादा पलटणीत आहे, लडाखला. सुट्टी संपवून तो उद्या सकाळच्या गाडीनं निघणार होता. मागच्या खेपेला लोणच्याची बरणी गाडीत फुटली आणि सगळं तेल त्याच्या वर्दीवर सांडलं. म्हणून यंदा लोणचं कशात भरायचं ते आईनं आठवड्यापूर्वीच दोन डबे पुढ्यात मांडून मलाच विचारलं होतं. एक माझ्या बक्षिसाचा, दुसरा स्टीलचा, माझ्या लग्नासाठी जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवलेला. मी लगेच सांगितलं, "जर्मलचाच दे. हलका असतोय, खराबबी हुईत न्हाई."

खराब होत नाही हे मला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. सगळ्या जवानांनी माझं नाव वाचावं, एवढंच मनात होतं. आणि आई शेजारणीला कौतुकानं सांगत होती, "नववीतली पोर सांगतीया म्हंजे बराबरच असणार."

संध्याकाळी जेवताना दादा म्हणाला, "बने, तुझा डबा मी बराकीत मधोमध ठेवणार. आमच्या सुभेदारसाहेबांनीबी नाव वाचाय पायजे."

गप्प बसले असते तर? दादा उद्या गेला असता, तिकडं लोणचं संपलं असतं, कुणाला काय कळणार होतं? हा विचार माझ्याच डोक्यात आला, आणि समोर बसलेल्या दादाकडं मला बघवेना.

"आबा, दादाच्या ट्रंकेची किल्ली द्या."

"आता आणि काय घालतीस तिच्यात?" आबा हसले. "मुंगी शिरायला जागा न्हाई."

"घालत न्हाई. काढतीया."

डबा काढला, झाकण उघडलं. पळीनं कडेचा खार सारला तर आतली चकाकी पार गेलेली, राखेसारखे डाग पडलेले. आई वाकून बघायला लागली. तिचा चेहरा एवढासा झाला.

"म्याच नीट घासला नसंल गं," ती म्हणाली. "घाईघाईत भरला बघ."

मला ऐकवेना. सगळ्या शाळेपुढं मी धडाधडा बोलले होते, आणि आता चुलीपुढं जीभ लुळी पडली होती. तरी पळी खाली ठेवली आणि बोलले.

"आई, तुझं काय चुकलं न्हाई. मला कायबी ठावं नव्हतं, तरी ठासून सांगितलं. नाव मिरवायचं हुतं मला."

दादानं घास ताटात ठेवला.

"ऐका, आई, आबा. ह्ये लोणचं टाकायचं. घरच्या बरणीतलं दादाला द्यायचं, आणि ते माझ्या लग्नाच्या स्टीलच्या डब्यात. आबा, न्हाई म्हणू नका, डबा माझाच हाय न्हवं? जर्मलच्यात लाडू भरा. आणि टाकलं त्येच्या बदली वरीसभर माझ्या ताटात लोणचं वाढायचं न्हाई. ठरलंय माझं."