काचेच्या खोलीला माझा नकार

मी एक जुनी मोटार आहे. किती जुनी ते विचारू नका. माझ्या वयाच्या बहुतेक गाड्या केव्हाच वितळून त्यांचे खिळे आणि पातेली झाली आहेत. मी मात्र रस्त्यावर आहे, आणि चालते आहे. हे आधीच ठणकावून सांगते, कारण मध्यंतरी माझं इंजिन काढून मला शोभेला ठेवायचं घाटत होतं, आणि तो बेत परक्यांचा नव्हता, घरच्यांचा होता.

मित्रांनो, माझा जन्म एका लांबलचक, धुरकट कारखान्यात झाला. माझ्या दाराला गोलाई देणारा कारागीर मोठा हट्टी होता. दार लावायचा, कान देऊन आवाज ऐकायचा, मान हलवायचा आणि पुन्हा उघडायचा. शेवटी आवाज मनासारखा आला तेव्हाच त्याने मला पुढे जाऊ दिलं. माझ्यातला थोडा हट्ट त्याचाच असावा.

मला घरी आणलं ते दादांनी. दादा म्हणजे ताईचे वडील. त्यांनी मला कधी जपून जपून वापरलं नाही. गल्लीत कुणी आजारी पडलं की मी दवाखान्यात जायची, कुणाची परीक्षा असली की चार पोरं आणि आठ दप्तरं घेऊन शाळेत. दादांचे धाकटे भाऊ, म्हणजे काका, दुकानांच्या पाट्या रंगवायचे. भावावर त्यांचा फार जीव, आणि भावाची म्हणून माझ्यावरही. दर वर्षी जुन्या गाड्यांचा मेळा भरायचा, त्याच्या आदल्या दिवशी काका ब्रश घेऊन यायचे. बॉनेट उघडायचे आणि आत जे जे लोखंड-पितळ उघडं दिसेल त्याला काळा रंग फासायचे. उघडं लोखंड त्यांना बघवतच नसे. मेळ्यात लोक आत डोकावून म्हणायचे, "अगदी नवी आहे हो!" आणि काका मिशीतल्या मिशीत हसायचे.

दादा गेले. जाताना काकांना म्हणाले, "गाडी दोघांची. ताईची आणि तुझी." दोघांनी माना डोलावल्या, आणि भांडणाला सुरुवात झाली.

त्याचं असं झालं की एका थंडीत माझं मूळचं इंजिन तडकलं. सुटे भाग कुठेच मिळेनात. काका म्हणाले, आता हिला झाकून ठेवू. ताई म्हणाली, मुळीच नाही. ताई मोटार शिकवण्याची शाळा चालवते. रोज घाबरलेल्या माणसांच्या शेजारी बसून तिच्यात भीती म्हणून उरलेलीच नाही. भंगारात निघालेल्या एका टेम्पोचं इंजिन तिने आणलं आणि माझ्या पोटात बसवून घेतलं. मेळ्यातल्या शहाण्यांनी नाकं मुरडली. "भेसळ आहे," म्हणाले. असेन! तुमच्या तोंडात एखादा दात नवा बसवला तर तुम्ही दुसरेच कुणी होता का? मी पूर्वीपेक्षा जोरात पळत होते आणि मला ते आवडत होतं.

एकच दुखणं होतं. मी तापायची. सपाट रस्त्यावर निमूट, पण चढ लागला की उष्णतेचा काटा तांबड्या रेघेकडे सरकायचा, आणि मग भर रस्त्यात वाफ. लोक गाड्यांच्या खिडक्यांतून फोटो काढायचे. ताईच्या कपाळावर आठी पडायची आणि काका दुसरीकडे बघायचे. भावाच्या गाडीचं असं हसं झालेलं त्यांना सोसवत नसे.

गॅरेजवाल्याला सगळे वस्ताद म्हणत. माणूस हुशार, पण आपलं म्हणणं खरं करणारा. त्याने आधी थर्मोस्टॅट बदलला, मग पाण्याचा पंप, मग रबरी नळ्या, मग पंखाही मोठा लावला. पाणी खळाळून फिरत होतं. मी तरी तापतच होते. तेव्हा त्याने हात झटकले.

"ताई, इंजिन मोठं आणि अंग लहान. ह्या गाडीला हे झेपणार नाही. वय झालं आता हिचं."

वय झालं! मित्रांनो, दोष सापडला नाही की माणसं हेच म्हणतात. मला आतून कळत होतं की कुठेतरी माझा श्वास कोंडतो आहे. पण सांगणार कशी? मला एक हॉर्न दिलेला आहे, आणि तो ऐकून आजवर कुणीही शांतपणे विचार केलेला नाही.

वस्तादचं बोलणं काकांच्या पथ्यावर पडलं. डोंगरावर एक मोठं हॉटेल आहे. तिथल्या शेठना दिवाणखान्याशेजारच्या काचेच्या खोलीत मांडायला जुनी गाडी हवी होती. अट एवढीच, की इंजिन काढून द्यायचं; मजल्याला वजन नको.

"पोरी, तिथे ती कायम चकचकीत राहील," काका म्हणाले. "दादाच्या नावाची पाटी मी स्वतः रंगवीन. रस्त्यात उकळून लोकांना हसवण्यापेक्षा ते बरं नाही का?"

"काका, इंजिन काढलेली गाडी म्हणजे कपाट," ताई म्हणाली.

"कपाट तर कपाट. भावाचं आहे ना? मग अब्रूने राहू दे."

ताईने खूप वाद घातला. शेवटी ठरलं, की रविवारी शेठचा ट्रक मला न्यायला येईल. तोवर दोष सापडला आणि मी तो डोंगराचा चढ न तापता चढले, तर काका पुन्हा हा विषय काढणार नाहीत. माझं बॉनेट रागाने थरथरलं. निदान मला तरी तसं वाटलं.

शनिवारी सकाळी ताईने मला गावाबाहेरच्या टेकाडावर नेऊन मुद्दाम तापवलं आणि तशीच गॅरेजात आणली. बॉनेट उघडलं. पंखा घोंगावत होता. पंख्याला न शिवता तिने त्याच्यामागे हात धरला, आणि धरूनच राहिली.

"वस्ताद, इकडे या. हात धरा इथे."

"धरला. मग?"

"रेडिएटर एवढा तापलाय. त्यातून खेचलेली हवा हाताला भाजायला हवी की नको?"

"हवी."

"मग ही झुळूक कसली?"

ताईने ऑइलच्या डब्याखालचा वर्तमानपत्राचा कागद ओढला आणि माझ्यासमोर, वाऱ्याने पाणी गार करणाऱ्या रेडिएटरच्या जाळीला लावून सोडून दिला. पंखा हवा ओढत असेल तर कागद जाळीला चिकटायला हवा. कागद क्षणभर थांबला आणि सरळ घसरून खाली पडला.

"पंखा तर नवाय," वस्ताद पुटपुटला. "आणि जाळी बघा की, कशी नवीकोरी दिसतेय."

"तेच तर. एवढ्या जुन्या गाडीची जाळी नवीकोरी कशी दिसेल?"

तिने मला बंद केलं, पंखा थांबू दिला, टॉर्च पेटवून जाळीच्या मागे धरला आणि समोरून वाकून पाहिलं. रेडिएटरच्या पातळ पट्ट्यांमधून उजेड आरपार दिसायला हवा. एक ठिपकासुद्धा दिसेना.

नेमके त्याच वेळी काका आले. हातात रंगाचा डबा होता आणि बगलेत ब्रश. हॉटेलात जाण्याआधी मला शेवटचा हात मारावा म्हणून आले होते.

ताईने टॉर्च त्यांच्या हातात दिला. काकांनी जाळीमागे धरला, समोर येऊन पाहिलं, परत गेले, टॉर्चचा उजेड स्वतःच्या तळहातावर पाडून पाहिला. तळहात लख्ख उजळला. पुन्हा जाळीमागे धरला. पुन्हा काळोख.

"सेल तर चांगले आहेत," ते म्हणाले.

"काका," ताई हळू आवाजात म्हणाली, "दर वर्षी एक हात. जुनं इंजिन लहान होतं, फार तापत नसे, म्हणून खपून गेलं. तुम्ही जीव लावलात हो."

"जीव लावला आणि नाक बुजवलं," काका म्हणाले. ते कोपऱ्यातल्या एका जुन्या टायरवर बसले. त्यांचा चेहरा मला बघवेना. मला त्यांचा राग यायला हवा होता, आणि आलाही होता थोडा. पण त्या रंगाचा वास मला आवडायचा, हेही खरं आहे.

वस्ताद म्हणाला, "फेकून देऊ हा, दुसरा बसवू."

काका ताडकन उठले. "हात लावू नकोस. माझा रंग आहे, मीच काढणार. चढवायला येतो तसा उतरवायलाही येतो मला."

रेडिएटर बाहेर काढला. काकांनी रंग सोडवणारं औषध आणलं आणि मऊ ब्रशने, एकही पट्टी न वाकवता, थरामागून थर सोडवत दिवसभर बसले. पाण्याखालून काळा ओघळ वाहत राहिला. दुपारी जेवायला बोलावलं तर हातानेच नको म्हणाले. संध्याकाळी उन्हाकडे जाळी धरली तेव्हा तिच्यातून सगळं ऊन काकांच्या सदऱ्यावर सांडलं. खाली पितळ होतं, डागाळलेलं, उघडं. त्यांनी रंगाच्या डब्याचं झाकण उघडलंसुद्धा नाही.

रात्रीच वस्तादने रेडिएटर परत बसवला. रविवारी ताईने शेठना फोन करून सांगितलं, ट्रक पाठवू नका, आम्हीच येतो. काका तिच्या शेजारी बसले. डोंगराचा चढ लागला. काटा उठला, मध्यावर आला, आणि सर्वांत अवघड वळणावर मध्याच्याही वर गेला. काकांनी दाराचा दांडा घट्ट धरला. ताईने वेग कमी केला नाही. मी समोरून येणारा सगळा वारा ओढून घेतला. किती वर्षांनी! काटा तिथेच थांबला, आणि वळण संपताच आपल्या जागी परत आला.

शेठ पायऱ्यांवर उभे होते. काचेची खोली धुऊनपुसून तयार होती.

"अरे, चालवत आणलीत? मग इंजिन?"

"ते तिच्यातच आहे," काका म्हणाले. "आम्ही गिऱ्हाईक म्हणून आलोय. दोन चहा सांगा. आणि हिला उन्हात नको, सावलीत उभी करा."

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं कुणी जुनं असेल. एखादी सायकल, शिवणयंत्र, पंखा. त्याला रंग लावण्याआधी ते नीट चालतंय का बघा. बिघडलं असेल तर बिघाड कुठे आहे ते शोधा, आणि शोधून शोधून दमलात तर "वय झालं" म्हणून मोकळे होऊ नका. उद्या पुन्हा शोधा. आम्हांला जपायचं असेल तर आमच्याकडून काम घ्या.

आणि एखाद्या चढावर मी तुमच्यापुढे असले, तर मागून हॉर्न वाजवू नका. मी बाजूला होणार नाही.