विषुवदिनाचा धडा

“म्हंजी दोन्हीकडं सारखं? एवढंच?” सूर्यभान मास्तर खुर्चीतून असा उठला की शाईची दौतच कलंडली.

“एवढंच,” मी म्हणालो. “विषु हा जुना संस्कृत शब्द. दोन्हीकडे सारखं. दिवस आणि रात्र सारखी, तो विषुवदिन.”

“आरं रामकिसन, मंग ह्यो तर आमचा उर्दूतला एतदालच की! अदालतीतला अदल, म्हंजी न्याय बघ, दोन्ही बाजूंना सारखा. त्याच घरातला शब्द. हे दोघं तर भाऊच निघाले!”

बाप रे, काय आनंद झाला होता गड्याला! पिशोरच्या धनगराचा हा पोरगा निजामाच्या अमलात सगळं उर्दूतूनच शिकला आणि उर्दूतूनच शिकवू लागला. पोलीस ॲक्शननंतर आम्ही दोघं शिकवायचो ती औरंगपुऱ्यातली शाळा मराठी झाली आणि त्याची पंचाईत झाली. उद्या, एकवीस मार्चला, तपासनीस तात्यासाहेब येणार होते. मराठीत धडा जमला तर नोकरी कायम, नाही तर घरी.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यानं शाळेच्या अंगणात काठी रोवली. दर तासाला मुलं सावलीच्या टोकाशी खडा ठेवत होती. दुपारी तात्यासाहेब आले तेव्हा सगळे खडे एका सरळ रेघेत!

“माझा बाप मेंढरामागं हेच बघायचा, साहेब. बाकी दिवशी ही रेघ वाकती. आज नाय वाकत! आज दीस न् रात सारखी!” तो नाचायचाच काय तो बाकी होता.

“वा! आता तो शब्द लिहा फळ्यावर,” वर्गात येत तात्यासाहेब म्हणाले.

आणि तिथंच घात झाला. उजवीकडून लिहायच्या उर्दूच्या सवयीनं तो भरात फळ्याच्या उजव्या कडेला गेला. ‘विषु’ लिहिलं आणि फळाच संपला. मुलं खो खो हसली.

सूर्यभान डाव्या टोकाला गेला. “हसा रं पोरांनो. हात उर्दूत वळलाय. त्याला बी शिकवतोय.” मग एकेक अक्षर त्यानं सावकाश काढलं.

तात्यासाहेब शेरा लिहून निघून गेले, शाळाही सुटली.

“तू वाच,” तो मला म्हणाला. “मला काय बी दिसंना.”

“कायम करावे! अरे सूर्यभान, कायम!” मी त्याला मिठीच मारली.

“सगळं वाच.”

वरची ओळ मी मुद्दाम गाळली होती. “मराठी लेखन कच्चे,” मी हळूच वाचलं.

“व्हय. खरं हाये ते.” त्यानं डोळे पुसले, खडू उचलला आणि रिकाम्या वर्गात डाव्या कडेपासून पुन्हा लिहायला लागला.